एका भांडणात पाच जण, मग शिक्षा पाच तऱ्हेच्या का?

काळी_माती
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला आहे, गावाचं नाव सांगत नाही, कुणी विचारू पण नका.

२०१७ च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, आमच्या चुलत्यांना (आबा म्हणतो आम्ही) बांधावर पाच जणांनी मारलं. शेजारच्या रानातलेच, एका घरातले. म्हातारा बाप, दोन मुलगे, एक पुतण्या आणि थोरल्याचा मेहुणा. कोयत्याचा घाव आबांनी डाव्या हातावर घेतला, कोपराच्या खाली हाड मोडलं. डोक्याला काठी बसली, सहा टाके. तो हात आजपण पूर्ण वळत नाही, शर्टाची बटणं काकी लावून देतात.

आठ वर्षं तारखा झाल्या आणि गेल्या महिन्यात निकाल लागला. थोरल्याला तीन वर्षं. धाकट्याला एक वर्ष. पुतण्याकडून "चांगलं वागेन" असा बाँड लिहून घेऊन सोडून दिलं. मेहुणा निर्दोष. आणि म्हातारा, जो बांधावर उभारून "हाण, सोडू नको त्याला" म्हणून ओरडत होता, त्याला दंड आणि "कोर्ट उठेपर्यंत" शिक्षा. म्हणजे मागच्या बाकावर बसून राहायचं. साडेपाचला कोर्ट उठलं, म्हातारा धोतर झटकून उठला आणि बाहेर येऊन पान लावत बसला. मी डोळ्यांनी बघितलं. थोरला पण घरीच आहे, परवा डेअरीत दूध घालताना दिसला.

प्रश्न साधा आहे. आबांनी मार काही पाच हप्त्यांत खाल्ला नव्हता. पाच जण मिळून आले, मिळून मारलं, मग एकाला जेल, एकाला बाँड, एकाला बाकडं असं कोर्ट कसं काय ठरवतं? कलम १४९ सगळ्यांना सारखं धरतं असं आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं. वकिलांना विचारलं तर "बघू, अपील आहे की" एवढंच म्हणायलेत.

कुंदा_खाऊ
बांधावरून भांडण म्हणजे मूळ आरोपी बांधच. त्याला कुणी हजर केलं का कोर्टात?

निपाणीची_सर
कुंदा, लोकांचा हात मोडलाय इथं, जरा गप बस की.

माझं मत सरळ आहे. पाच जण गेले ना, पाचही जणांना सारखीच द्या. जो नुसता उभारतो तो पण मार खाणाऱ्याची पळायची वाट अडवतोच. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीपाशी असंच झालेलं, एकानं धरलं, दुसऱ्यानं मारलं. धरणारा म्हणतो मी हात उगारलाच नाही. अरे तू धरलं नसतंस तर तो पळाला नसता का?

शिरस्तेदार_निवृत्त
मी वकील नव्हे. कोर्टात एकतीस वर्षं नोकरी केली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. निकालांच्या फायली शिवून शिवून बोटं सोलली, तेवढ्याच अधिकारानं लिहितो.

आपण "शिक्षा" म्हणतो तेव्हा दोन गोष्टी एकात कालवतो. आधी ठरतं कोण कुठल्या कलमाखाली दोषी. ते झाल्यावर मग त्या कलमात या माणसाला किती. दुसऱ्या टप्प्यावर कोर्ट आरोपीला वेगळं विचारतं, शिक्षेबद्दल तुझं काय म्हणणं आहे. तेव्हा तो सांगतो म्हातारी आई आहे, दोन मुली शिकायलेत, पहिलाच गुन्हा. ऐकणाऱ्याला ते रडगाणं वाटतं, पण ते ऐकून घेणं कायद्यानं सक्तीचं आहे आणि प्रत्येकाचं वेगळं ऐकावं लागतं.

आता पहिला टप्पा. अनेकांना एका दोरीत बांधायची दोन कलमं आयपीसीत, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेत होती, ३४ आणि १४९. (१ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ती ३(५) आणि १९० झाली. तुमची घटना २०१७ ची, तुम्हाला जुनंच.) ३४ ला दोन माणसं पण पुरतात, मात्र सगळ्यांच्या मनात एकच बेत होता आणि प्रत्येकाचा त्यात काहीतरी वाटा होता हे दाखवावं लागतं. १४९ ला किमान पाच लागतात. बेकायदेशीर जमाव, समान उद्देश आणि तुम्ही त्यात सामील, एवढं सिद्ध झालं की तुम्ही बोटसुद्धा लावलं नसलं तरी मारणाऱ्याच्या गुन्ह्यात तुम्ही आलात.

निपाणीकर म्हणतात तो उभारणाऱ्याचा मुद्दा जुना आहे. १९२३ साली कलकत्त्यात संकारीटोला पोस्टात दरोडा पडला, पोस्टमास्तरला गोळी घातली. पकडलेला एक जण म्हणाला, मी बाहेर अंगणात उभा होतो, भ्यालो होतो, गोळी मी मारलीच नाही. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि तिथं ठरलं की बेत एक असेल तर बाहेर उभारणारा पण कामावरच असतो. बरेंद्रकुमार घोष खटला म्हणून आजही ३४ च्या प्रत्येक युक्तिवादात तो निघतो.

पण उलट बाजूचा पण निकाल आहे, आणि तो आपल्याला जवळचा. पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य, सुप्रीम कोर्ट, १९५४. पाच जणांनी मिळून एकाला मारलं, माणूस मेला. कोर्ट म्हणालं, पाच जण एकाच वेळी एकासारखं वागले म्हणजे आधी बेत ठरला होता असं आपोआप होत नाही. एकसारखा हेतू वेगळा आणि एकत्र ठरवलेला हेतू वेगळा. त्यामुळे ज्याचा घाव त्याच्या पदरात. पांडुरंगचा खून रद्द होऊन ३२६ (घातक हत्यारानं गंभीर दुखापत) झालं आणि दहा वर्षं लागली, दुसऱ्या दोघांची फाशी जाऊन जन्मठेप. पाच जण, एक भांडण आणि निकाल वेगवेगळा, तुमच्यासारखंच.

काळी माती, निकालपत्रात एक गोष्ट बघून सांगा. १४९ टिकलंय का? आणि मेहुणा कुठल्या कारणानं सुटला? माझा अंदाज आहे की सगळी गोम त्या मेहुण्यात आहे.

खानापूरकरीण
दुसरी बाजू पण लिहू दे मला. माझा भाऊ नऊ वर्षं असल्याच केसमध्ये फिरला. भांडण चुलत्यांचं, हा सोडवायला गेला. फिर्यादीत त्याचं नाव चौथं. आमच्याकडं पद्धतच आहे ना, फिर्याद द्यायला बसलं की कुणीतरी जाणता म्हणतो "सगळ्या घराला घाल, कमावता सुटता कामा नये." बायकांची पण नावं घालतात, घरात भाकरी करत होती ती पण "दगड मारला" म्हणून आत. मग ते लोक माघारी काउंटर केस करतात, त्यात आमचे सगळे. दोन्हीकडचे बावीस लोक तारखेला एकाच वडापमधून जायचे, खरं सांगते, दुसरी गाडीच नव्हती त्या वेळेला. येताना कधी कधी भाड्याचे सुट्टे एकमेकाला द्यायचे.

भाऊ शेवटी सुटला. पण तोवर त्याचं मिलिटरी भरतीचं वय निघून गेलं. सगळ्यांना सारखी शिक्षा म्हणणाऱ्यांनी पाचातला एक असा पण असतो हे धरून चाला.

निपाणीची_सर
ताई, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण काळी मातीच्या आबांना मारलेले पाचच्या पाच सोडवायला आलेले असं म्हणायचंय का मग?

खानापूरकरीण
तसं कुठं म्हटलं मी? वाच की नीट.

तिसरं_गेट
१४३, १४७, १४८, १४९ हे बेकायदेशीर जमाव आणि दंग्याच्या कलमांचे आकडे सीमाभागातल्या मराठी माणसाला शाळेच्या पाढ्याआधी येतात. १ नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीत चालला की १४३. २०१४ ला येळ्ळूरचा "महाराष्ट्र राज्य" लिहिलेला फलक काढला त्या वेळी तर आमच्या ओळखीतल्या एकाचं नाव आलेलं, तो त्या दिवशी सासुरवाडीला चंदगडला होता. त्याच्या बायकोनंच साक्ष द्यायची तयारी केलेली आणि म्हणाली, "कधी नव्हे ते ह्याचं सासरला जाणं कामाला आलं."

कुंदा_खाऊ
😂 तो अजून जातोय का सासरला?

तिसरं_गेट
दर महिन्याला. पुरावा तयार ठेवतोय.

लेस्टरचा_बेळगावकर
इंग्लंडात असतो, मूळ अनगोळ. म्हाताऱ्याच्या "हाण हाण" वरून आठवलं म्हणून लिहितोय. आमच्या या लेस्टरमध्येच २०११ साली असं झालं, एक जण घरात शिरून सुरा मारतो आणि त्याचा मित्र दारात उभारून त्याला चिथावतो. दोघांनाही खुनाची शिक्षा झाली. बाहेरचा, जोगी नावाचा, वर गेला. २०१६ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं की साथीदार काय करू शकेल याचा अंदाज असणं एवढ्यावर खून लावता येत नाही, त्याला मदत किंवा चिथावणी द्यायचा हेतू पाहिजे. तीसेक वर्षं कायदा चुकीच्या वाटेनं गेला असं कोर्टानं स्वतः कबूल केलं. परत खटला चालून त्याला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाखाली बारा वर्षं झाली. म्हणजे ओरडणारा सुटला नाही, पण सुरेवाल्याच्या बरोबरीला पण बसवला नाही.

आणि इथं मारहाणीच्या शिक्षेचं छापील कोष्टक असतं. दोष किती मोठा, इजा किती मोठी, हत्यार होतं का, म्होरक्या कोण, मागं चालणारा कोण, हे सगळं मांडून ठराविक पट्ट्यातून न्यायाधीश आकडा काढतो. पट्ट्याबाहेर जायचं तर कारण लिहायचं. आपल्याकडं आहे का असं काही?

अथणीचे_गुरुजी
नाही. २००३ साली न्यायमूर्ती मळीमठ यांच्या समितीनं (हे आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश) शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं करा म्हणून सांगितलेलं, पण सगळ्या देशाला लागू असं कोष्टक झालं नाही. त्यामुळे तीच मारहाण, तेच कलम, एका न्यायाधीशाकडं सहा महिने आणि दुसऱ्याकडं तीन वर्षं असं होऊ शकतं.

नवज्योतसिंग सिद्धूंचंच बघा ना. १९८८ ला पटियालात रस्त्यावर गाडीवरून बाचाबाची, एक पासष्ट वर्षांचा माणूस मेला. सिद्धू आणि त्यांचा मित्र असे दोघे. खालच्या कोर्टानं दोघांना सोडलं. २००६ ला हायकोर्टानं दोघांनाही तीन वर्षं दिली. २०१८ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं मित्र निर्दोष आणि सिद्धू फक्त ३२३ (साधी दुखापत), दंड एक हजार रुपये. मग २०२२ ला फेरविचारात त्याच कोर्टानं त्याच ३२३ खाली एक वर्ष सक्तमजुरी दिली. तिथला मुद्दा वाचण्यासारखा आहे, धडधाकट तरुण माणसाचा हात, तोही खेळाडूचा, म्हाताऱ्या माणसावर पडला तर तो नुसता हात राहत नाही. म्हणजे हजार रुपये आणि एक वर्ष, दोन्ही एकाच कलमात बसतात!

हे विषयांतर वाटेल पण आणखी एक सांगतो. आपल्या भागात शिक्षा वेगवेगळी पडायला भाषा पण कारण होते. माझ्या एका नातेवाईकाला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलेलं. दांडा, नुसतं लाकूड, पातं निघालेलं होतं. हा मराठीत सांगतोय, लिहून घेणारा कन्नडमध्ये लिहितोय. "कुऱ्हाडीचा दांडा" मधला दांडा वाटेत गळाला आणि कागदावर आली "कोडली", म्हणजे कुऱ्हाड. खाली सही यानंच केली, वाचता येत नसताना. पुढं दवाखान्यातल्या वूंड सर्टिफिकेटवर जखम फाटलेली, कापलेली नव्हे. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलानं विचारलं, कुऱ्हाड मारली तर कापायला हवं, फाटलं कसं? हा गोंधळला, म्हणाला दांडा होता. मग कुऱ्हाड खोटं का सांगितलंस? झालं. ३२६ चं ३२५ (गंभीर दुखापत, पण घातक हत्याराशिवाय) झालं, आणि ज्याच्या हातात "काठी" लिहिली होती त्याचं मात्र ३२४ (घातक हत्यारानं साधी दुखापत) जसंच्या तसं. दांडेवाल्यानं हाड मोडलेलं आणि काठीवाल्याचा नुसता वळ उठलेला, पण निकाल वाचताना वाटावं दोघं सारखेच. खाली ज्या भाषेत सही करताय ती वाचून घ्या, नाहीतर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

तिसरं_गेट
आमच्याकडं "बडिगे" चं पण असंच. बडिगे म्हणजे साधी काठी की दांडकं की लाठी, तीन जणांना विचारा, तीन उत्तरं.

चिकोडी_एक्सप्रेस
कोयता आणि विळ्याचा घोळ तर विचारूच नका. दोन्हीला कन्नडमध्ये कुडगोलु म्हटलं की संपलं. ऊसतोडीचा कोयता बघितलेला माणूस विळा म्हटल्यावर हसतो, आणि कोर्टात मुद्देमालाचं गाठोडं सोडलं की निघतो गवत कापायचा विळा, मूठ पण हललेली, त्याला पिवळा कागद गुंडाळलेला.

काळी_माती
गुरुजी, आमच्यात कोयता म्हणून कोयताच आलाय सुदैवानं. फायलीत गाठोडं होतं, आबांना दाखवलं तेव्हा त्यांनी त्याकडं बघितलंच नाही, वरच्या पंख्याकडं बघत "होय हाच" म्हणाले. नंतर म्हणाले पातं बघितलं की हात दुखतो.

शिरस्तेदार काका, काल निकालाची नक्कल मिळाली. मुलीच्या मैत्रिणीकडून कन्नड वाचून घेतली, समजलं तेवढं लिहितो. मेहुणा त्या दिवशी दुपारपर्यंत दुसरीकडं कामावर होता, हजेरीचा कागद आणि तिथल्या मुकादमाची साक्ष. आणि फिर्यादीत आम्ही बरोबर पाचच नावं दिलेली, "आणि इतर" असं काही नाही. म्हणून कोर्ट म्हणतंय पाचवा माणूसच नव्हता तर १४३, १४७, १४८, १४९ यातलं काहीच उरत नाही. मग ३४ बघितलंय. त्यात लिहिलंय की बाप आणि दोन मुलगे मारायच्या बेतानं आले हे मान्य, काठ्या घेऊन आले, पण कोयता बांधावरच्या पेंढीत खोवलेला होता तो थोरल्यानं ऐन वेळी उपसला, बाकीच्यांना त्याची कल्पना होती असा पुरावा नाही. म्हणून ३२६ एकट्या थोरल्याला. बाप आणि धाकट्याला ३२४ सह ३४. पुतण्या भांडण सुरू झाल्यावर पळत आला, दोन थोबाडीत मारल्या, त्याला नुसतं ३२३.

खरं सांगू का, मेहुण्याचं नाव घालायला नको होतं असं घरात आता सगळेच म्हणायलेत. त्या वेळी कुणीतरी म्हणालं "पाच झाले की कलम मोठं लागतं." तो कोण म्हणाला हे आता कुणाला आठवत नाही.

खानापूरकरीण
...

शिरस्तेदार_निवृत्त
वाटलंच होतं. पाच नावं नेमकी दिली, त्यातला एक सुटला, राहिले चार, १४९ गेलं. मोहनसिंग विरुद्ध पंजाब, १९६२, सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय. "आणखी अनोळखी लोक होते" असं फिर्यादीत आणि पुराव्यात असतं तर गोष्ट वेगळी. म्हणजे बघा, पाचवा घातला कलम वाढावं म्हणून आणि तो निघाला तसा बाकीच्या चौघांचा गठ्ठा सुटला. असं मी किती वेळा बघितलं त्याला हिशोब नाही.

आता आकडे. थोरल्याला ३२६ आणि तीनच वर्षं का? कलमात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत लिहिलंय. पण खटला जेएमएफसीपुढं (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) चालला असणार, आणि त्या न्यायाधीशाला तीन वर्षांच्या वर देता येतच नाही. जास्त द्यावीशी वाटली तर प्रकरण सीजेएमकडं (मुख्य न्यायदंडाधिकारी) पाठवावं लागतं, ते सातपर्यंत देऊ शकतात. म्हणजे तुमच्या न्यायाधीशानं त्याच्या हातातली पूर्ण दिली, कमी नाही केली.

तो डेअरीत कसा दिसला? शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल तर तेच कोर्ट अपील करायला वेळ देतं आणि तोवर जामिनावर ठेवतं. सुटला नाही तो. अपिलात कायम झालं तर हिंडलग्याचं जेल आहेच.

पुतण्याचं. चारचौघांत कुणीतरी तुम्हाला सांगेल की तेव्हा तो एकवीसच्या आत होता म्हणून सोडला. तसं नसतं, वय निकालाच्या दिवशीचं धरतात, गुन्ह्याच्या नव्हे. तो आता सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. त्याला १९५८ च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम ४ खाली सोडलंय. जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्याला ते कलम लागत नाही, म्हणून थोरल्याला ते मागता पण आलं नसतं. बाँडच्या मुदतीत परत कुठं हात उगारला तर बोलावून या गुन्ह्याची शिक्षा देता येते. त्याला पण भरपाई द्यायला लावता आली असती, ते राहिलेलं दिसतंय.

म्हाताऱ्याचं मला पण टोचलं. ३२४ ला किमान शिक्षा नाही, नुसता दंड पण चालतो, त्यामुळे बेकायदेशीर म्हणता येणार नाही. वय बहात्तर लिहिलंय ना? आठ वर्षं चाललेला खटला, पहिला गुन्हा, वय, यावर न्यायाधीश हात आखडतात. पण चिथावणारा तोच, त्याच्या तोंडून शब्द निघाले म्हणून काठ्या चालल्या. मी त्या खुर्चीवर असतो तर धाकट्याला एक वर्ष आणि बापाला बाकडं असं केलं नसतं. असो, मी फायली शिवायला होतो.

निपाणीची_सर
काका, मग आबांनी म्हाताऱ्याची शिक्षा वाढवा म्हणून अपील करायचं की.

शिरस्तेदार_निवृत्त
इथंच लोक फसतात. मार खाल्लेल्या माणसाला तीन गोष्टींवर अपील करता येतं: आरोपी सुटला, हलक्या कलमात दोषी धरला, किंवा भरपाई कमी मिळाली. शिक्षा कमी झाली एवढ्यावर नाही, २०२० ला सुप्रीम कोर्टानं परविंदर कंसल प्रकरणात हे स्पष्ट केलंय. शिक्षा वाढवायचं अपील सरकारनं करायचं असतं, त्यासाठी सरकारी वकिलाच्या मागं लागा, अर्ज द्या.

तुमच्याकडं मुद्दा आहे तो "हलक्या कलमात" चा. बाप आणि धाकट्याला ३२६ सह ३४ का नाही? कोयता उपसल्यानंतर पण म्हातारा "सोडू नको" म्हणत राहिला का, हे साक्षीत आलंय का बघा. बेत आधीच ठरायला पाहिजे असं नाही, जागच्या जागी पण ठरू शकतो. आणि भरपाई किती?

काळी_माती
दंड एकूण पंचवीस हजार, त्यातले वीस आबांना. हाताच्या ऑपरेशनला आणि नंतरच्या प्लेटला मिळून एक लाख चाळीस गेलेले, पावत्या काकींच्या ट्रंकेत आहेत. कोर्टात दिल्याच नाहीत बहुतेक. कुणी मागितल्या नाहीत.

शिरस्तेदार_निवृत्त
दंडाला मर्यादा असते, वेगळ्या भरपाईच्या आदेशाला तशी नाही. भरपाईचा विचार प्रत्येक प्रकरणात करायचा आणि दिली नाही तर का नाही ते लिहायचं, असं २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र यात सांगितलंय. (ते भांडण कुत्र्यावरून झालेलं. बांध तरी बरा.) ट्रंक उघडा.

कुंदा_खाऊ
मी पहिल्यापासून सांगतोय बांधाला हलक्यात घेऊ नका.

चिकोडी_एक्सप्रेस
राजी, म्हणजे आपसात तडजोड, का नाही केली? आमच्यात दोन्हीकडच्यांनी राजी केली, एकत्र जेवण, विषय संपला.

तिसरं_गेट
३२६ राजीत बसत नाही बाबा. ३२३ बसतं, ३२५ कोर्टाच्या परवानगीनं बसतं. ३२६ साठी हायकोर्टात जाऊन केस रद्द करून घ्यावी लागते, म्हणजे धारवाड. २००८ पासून खंडपीठ धारवाडला आलं म्हणून बरं, आधी बंगळूरला जावं लागायचं, रात्रभर बस. आमच्या मामांनी तशी राजी केली, दोन्ही पार्ट्या एकाच गाडीनं धारवाडला. काम झाल्यावर पेढे घेतले, आणि पेढ्यांचे पैसे कुणी द्यायचे यावरून परत वाजलं.

कुंदा_खाऊ
धारवाडला जाऊन पेढा. बेळगावात कुंदा असताना. यालाच ३२६ लावा.

लेस्टरचा_बेळगावकर
नवीन कायद्यात काय बदललं पण? नंबर सोडून.

अथणीचे_गुरुजी
मारहाणीपुरतं दोन-तीन गोष्टी. गंभीर दुखापत ठरायला आधी वीस दिवस तीव्र वेदना किंवा रोजचं काम करता न येणं लागायचं, आता पंधरा. हाड मोडलं तर दिवस मोजायची गरज तेव्हा पण नव्हती, आता पण नाही. ३२६ च्या जागी ११८(२) आलं आणि त्यात किमान एक वर्ष घातलंय. समाजसेवेची शिक्षा आली म्हणून गाजावाजा झाला, पण ती किरकोळ गुन्ह्यांना, मारहाणीला नाही.

आणि आपल्याला लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे ११७(४). पाच किंवा जास्त लोकांच्या गटानं जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून कुणाला गंभीर दुखापत केली तर गटातल्या प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत. यादीत भाषा आहे बघा. सीमाभागात हे कलम कसं वापरलं जाईल, कुणावर वापरलं जाईल, मला जरा धास्तीच वाटते.

तिसरं_गेट
धास्ती कसली गुरुजी, पाढ्यात एक ओळ वाढली.

खानापूरकरीण
काळी माती, एक विचारू? आबा स्वतः काय म्हणतात? इतका वेळ आपणच बोलतोय.

काळी_माती
आक्का, बरं विचारलंत. काल जेवताना हा धागा वाचून दाखवला त्यांना. पेढ्यांवर हसले. म्हाताऱ्याच्या शिक्षेवर म्हणाले, "त्याला जेलात घालून काय करू, त्याला पायरी चढता येत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाले, कोयता उपसला तेव्हा म्हातारा ओरडायचा थांबला होता. हे त्यांनी कोर्टात सांगितलेलं नाही आणि आजवर घरात पण नाही. मला काय बोलावं कळेना. शिरस्तेदार काका, तुमचा तो "जागच्या जागी बेत" चा मुद्दा यानं जातो ना?

शिरस्तेदार_निवृत्त
जातो. निदान म्हाताऱ्यापुरता जातो. आबांना माझा नमस्कार सांगा.

मग अपील भरपाईपुरतं करा. पावत्या, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड सगळं एका पिशवीत घाला आणि वकिलाकडं जा, दिवस घालवू नका.

काळी_माती
सोमवारी जातोय. काकींनी ट्रंक उघडली, पावत्यांना वाळवी लागलेली नाही, एक्स-रेची फिल्म तेवढी चिकटलेली आहे.

कुंदा_खाऊ
आणि बांध? मोजणी झाली का शेवटी?

काळी_माती
मोजणीदार तीन वेळा येऊन गेला. हद्दीचा दगड सापडत नाही म्हणतो.